तांबडी चांदणी

एकतीस वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात आहे.
कपाट लोखंडी, हायवेपलीकडच्या कारखान्यात बनलेलं,
कन्नमवारनगरात आलं तेव्हा चार हमाल लागले होते.
एक किल्ली माझ्याकडे, दुसरी बाईंच्या ड्रॉवरमध्ये
आणि त्या ड्रॉवरची किल्ली पुन्हा माझ्याकडे.

त्यात काय काय आहे ते मला पाठ आहे.
अर्धी शाळा एक जूनला जन्मली,
कारण आईला नीट आठवत नव्हतं
आणि मास्तरांना दुपारच्या आत प्रवेश उरकायचे होते.
कुठे बापाचा रकाना कोरा,
कुठे आडनाव लाल शाईनं बदललेलं, बाजूला सही, तारीख.
हे मी जाणतो आणि कपाट जाणतं.
कपाट माझ्याहून बरं,
ते लग्नाकार्यात कुणाशेजारी जेवायला बसत नाही.

मग पवईहून निहाल आला, चाळीस टॅब घेऊन.
‘काका, आता सगळं क्लाउडमध्ये.’
मी म्हटलं, ढगात?
तो हसला. प्रत्येक शाळेतला कारकून
हाच विनोद करत असणार.

करार एकोणीस पानांचा.
बाईंनी शेवटच्या पानावर सही केली,
मी पहिल्यापासून वाचत बसलो.
आमच्या बिल्डिंगीत न वाचता सह्या केलेली माणसं
अजून बिल्डरच्या भाड्याच्या चेकची वाट बघताहेत.
कलम चौदा: विद्यार्थ्यांची माहिती
‘विश्वासू भागीदारांना’ देता येईल.
कोण हे? किती जण? कुणाचा विश्वास?
निहाल म्हणाला, ‘स्टँडर्ड असतं हे, काका.’
आमच्याकडे स्टँडर्ड पाचवी ते दहावी, बाबा.
हे कितवं?

दिवाळीनंतर एका पालकाला फोन आला, कुठल्याशा क्लासचा:
तुमचा मुलगा अपूर्णांकात कच्चा आहे.
गणिताच्या रेडकरबाईंनी अजून पेपर तपासले नव्हते.
बाप तणतणत खिडकीशी आला,
‘माझ्या पोराची लाज कुणी विकली?’
मी त्याला पाणी दिलं. उत्तर नव्हतं.

आणि सातवीतली ती मुलगी.
नाव सांगणार नाही.
एक बॅग, आई, ओठाला टाका.
आई म्हणाली होती, साहेब, कुणी विचारत आलं
तर आम्ही इथं नाही.
तिचा पत्ता मी पेन्सिलीनं लिहिला,
एकतीस वर्षांतली एकुलती पेन्सिलीची ओळ.

स्क्रीनवर पत्त्यापुढे तांबडी चांदणी.
रिकामं सोडलं, घेईना.
रेघ मारली, घेईना.
‘माहीत नाही’ लिहिलं, तर म्हणे पिनकोड टाका.
साडेसहा झाले होते. शिपाई तुळाजी
वर्गांच्या कड्या लावत खाली येत होता.

मी शाळेचा पत्ता टाकला.
घेतला.
मग वाटलं, एकीचाच टाकला तर ती उठून दिसेल.
म्हणून पुढच्याचाही टाकला, त्याच्या पुढच्याचाही,
नऊ वाजेपर्यंत, सहाशे चौदा.
तुळाजीनं दोनदा चहा आणला, एकदाही विचारलं नाही.
गेटला कुलूप घालताना मात्र
मी उगाच वरच्या मजल्याकडे पाहिलं,
सगळी आत झोपली असल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी निहालचा फोन.
‘काका, डेटा चुकलाय. सगळ्यांचा पत्ता एकच!’
म्हटलं, बरोबर आहे.
मुलांविषयी काही विचारायचं असेल तर
तुमच्या भागीदारांना इथे पाठव.
मी साडेसातपासून खिडकीत असतो,
येताना ओळखपत्र आणायला सांग.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय.
पेन्सिलीची ओळ पुसट होते, अधूनमधून गिरवतो.
नव्या माणसाला किल्ल्या देईन, रजिस्टर मोजून देईन,
चांदणीला काय उत्तर द्यायचं
ते तेवढं तोंडी सांगेन.