चौथी नळी

हात नको लावू, रॉइस. पुठ्ठा घे.
तडा डोळ्यांना दिसायचा नाही,
पुठ्ठा जिथं ओला होईल, तिथं समज.
त्या फवाऱ्यापुढं कातडी म्हणजे कागद.
माझ्या बापाचं बोट
एल्कोच्या दवाखान्यातच राहिलं,
सुईएवढ्या भोकापायी.

पंप वाढवलास. टर्बो बदललास.
गावभर काळा धूर.
आणि नळ्यांना धरून ठेवणारे ते रबरी चिमटे?
"मध्ये मध्ये येत होते."
कुठं टाकलेस, तेही आठवत नाही ना!

वेल्डिंग? नाही करणार.
झाळलेली नळी
तुला विनमकापर्यंतही नेणार नाही,
आणि तिथून पुढं नुसतं मीठ आणि वारा.

नवी घालू. नट आधी बोटांनी,
मग पाना.
ओढूनताणून बसवलेली नळी
बसवल्या दिवसापासूनच तुटत असते.

चिमटे आहेत माझ्याकडं,
म्हाताऱ्याच्या कॉफीच्या डब्यात,
मेलेल्या ट्रकांचे.
मोजून घे. सहा.
पैसे राहू देत, डबा जागेवर ठेव.

चल, मार स्टार्टर.
काय गुरगुरतंय तुझं हे जनावर!
थांब, पुठ्ठा फिरवते.
चौथीपाशी कोरडा.
पाचवीपाशी
कोरडा.

बंद नको करू अजून.
पुन्हा एकदा फिरवते.