छाट

विडी घरकुलात मी पोचले ती नेमकी पाणी यायच्या दिवशी.
चार दिवसांनी आलेलं पाणी. गल्लीभर घागरी, पिंपं, रंगाचे रिकामे डबे,
आणि अंबव्वा दुस्सा, वय सत्त्याण्णव
(आधार कार्डावर नव्वद; तिची तक्रार नाही),
पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून
कुणाचा नंबर आधी, ते ठरवत होती.

फॉर्म अकरा पानांचा.
रोज किती वाजता उठता?
"नळाला इचार."
व्यायाम?
ती नुसती हसली. हिरड्या गुलाबी, तान्ह्या बाळासारख्या.
व्यसन?
"पन्नास वर्षं रोज हजार विड्या वळल्या.
ओढली एकबी न्हाई."
मी 'नाही'वर खूण केली.
छातीत गेलेल्या तंबाखूच्या धुळीला रकाना नव्हता.

आहार.
कडक भाकरी ती कानाजवळ नेऊन मोडते.
दात पासष्टीलाच गेले,
पण तो कडाड् आवाज तिला आधी लागतो, चव मागाहून.
मग तुकडे आमटीत. ते मऊ होईस्तोवर
ओट्यावर सुपं घेऊन बसलेल्या बायकांत डोकावते,
पान वाकडं कापलं म्हणून एकीला झापते,
दुसरीच्या सुनेचं काय झालं ते विचारते.
शेंगाचटणी उखळातलीच. "मिक्सरनं तिचं पीठ हुतं."
रात्री अर्धी भाकरी.

इथं मी सरसावून बसले.
आमच्या मोठ्या डॉक्टरांना ही 'अर्धी' फार आवडते.
आयुष्यभर कमी खाल्लंत, म्हणून का हो?

"कमी खाल्लं कुटं? कमी हुतं."

बाहेर यंत्रमागाची खटखट.
उन्हानं पत्रा कुरकुरत होता.

"काय लिव्हलालीस गं एवढं? हे लिव्ह.
आम्ही पाच बहिणी. एका परातीत जेवलो.
पोसव्वा, राजव्वा, लिंगव्वा, धाकटी भूदेवी.
बहात्तरला रेशनची ती लाल मिलो, तीबी वाटून.
भूदेवी अडतीसला गेली, पोट धरून.
राजव्वा पन्नाशीला, खोकून खोकून.
बाकीच्या दोघी कवा गेल्या, सांगायला माणूसबी आलं न्हाई.
जा, त्यांच्या घरी इचार,
त्यांचं खायचं काय चुकलं."

पेन माझ्या हातात तसंच.
तिनं शेजारणीचं सूप पुढं ओढलं.
बोटं न बघता चालली: पान, चिमूट, गुंडाळी, दोरा.

"पान एकाच पुड्यातलं. तंबाखू मोजून दिलेली.
बोटं माझीच. तरी संध्याकाळी मुनीम
कट्टा हातात घेणार, आन् चार काढून टाकणार. छाट.
का, ते सांगत न्हाई.
मग कट्ट्यात राहिलेली विडी म्हणती,
मी लई चांगली वळल्याली हुते."

बायका हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

तुझ्या वहीत माझ्यासारखे किती, तिनं विचारलं.
तेवीस, म्हटलं.
"म्हंजे कट्टा भरला न्हाई. पंचवीसला दोन कमी.
तिसऱ्या लायनीत सायम्मा हाय, तिला घे.
नऊ वाजेस्तोवर झोपती. भजी खाती.
सगळ्या गल्लीशी भांडण हाय तिचं.
शंभरी गाठली तरी मरंना."

'इतर माहिती'त मी चार नावं लिहिली,
एकेक ओळ सोडून, वयांसकट, जेवढी कळली तेवढी.

आठवड्यानं फॉर्म ऑफिसातून परत आला.
चारी नावांभोवती लाल गोल. 'मयत. वगळावे.'
खाली सही. कारण नाही.

सायम्माकडे जायचं राहिलंय.
नऊनंतर जाईन. भजी घेऊन.