फणस कुणाचा

चोडणची फेरी रायबंदरला लागेपर्यंत पाठ करत होते:
फर्मच्या भागीदारांची नावं,
गेल्या वर्षीचे तीन मोठे सौदे,
पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे पाहते.

सुलक्षा म्हणाली होती,
रेझ्युमेतली प्रत्येक ओळ तुझी साक्षीदार,
उलटतपासणीत फुटेल ती आजच खोड.
मी जर्मन भाषा खोडली.
वादविवादातलं दुसरं बक्षीसही.

पणजीच्या हॉटेलात एसी इतका
की उसना कोट बरा वाटला.
सौद्यांचं कुणी विचारलंच नाही.
मुंबईच्या बाईंचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं:
‘हे मुंडकार म्हणजे काय?’

म्हटलं, भाटकाराच्या जमिनीत आमचं घर आहे.
दारातला फणस आजोबांनी लावलेला.
‘मग फणस कुणाचा?’

कलम आठवेना.
‘बघून सांगावं लागेल,’ म्हटलं.
‘पण पहिला पिकलेला भाटकाराकडे जातो,
बाकीचे आम्ही खातो.’

त्यांनी काहीतरी लिहिलं.
उलट्या बाजूने वाचता आलं नाही.

आता परतीच्या फेरीत
कोट घडी करून मांडीवर,
मोबाईलवर कायदा उघडलाय.
धक्का आला तरी
मी अजून फणसच शोधतेय.