हात राखून

इनासचा फोन आला पहाटे पाचला,
त्याच्याकडे अजून कालची संध्याकाळ.
म्हणाला, मेस्त, तळे गोठले.
हातभर जाड झाले की त्यावर मोटारी नेतात,
लाकडी खोपटे मांडतात, फटी बुजवून आत काळोख करतात
आणि भोकाशी बसतात, भाला पाण्यात धरून.
मला बर्फ फोडायला काहीतरी घडवून पाठव.

दुकानात नाही मिळत?
मिळते. पेट्रोलवरचे गिरमीट,
वाटोळे भोक पाडते, पेजेच्या वाटीएवढे.
गळाला तेवढे पुरे. भाल्याला दार लागते, चौकोनी,
आपल्या खाजणातल्या मानशीच्या फळीएवढे.

मानस म्हणाला आणि मी गप्प झालो.

हळदोण्याला आमच्या भात्यापुढे काय काय आले:
चिऱ्याच्या खाणीतली पिकासे, माडाचे कोयते,
एकदा इगर्जीच्या घंटेची जीभ.
बर्फासाठी कोणी आले नव्हते.
बर्फ मला ठाऊक तो बांगड्याखालचा,
आणि लग्नातल्या पिपात बियरभोवती.

मग रविवारी गोणत्यात भरली चार अवजारे
आणि स्कूटर घातली मालीमच्या जेटीवर,
बर्फाच्या कारखान्यात.
एक लादी मागितली. इरप्पा म्हणाला, मासळी कुठाय?
म्हटले, मासळी कॅनडात.

पहिली पहार. लादीचे तीन तुकडे, भोक नाही.
दुसऱ्या लादीत पिकास रुतून बसले,
दोघांनी ओढले तेव्हा निघाले.
सुताराची करवत अर्ध्यावर अडली, दातांत ओला भुगा.
नारळ सोलायचा सुळा घेऊन उभा राहिलो तोवर
सात-आठ खलाशी भोवती जमले होते
आणि प्रत्येकाला बर्फातले कळत होते.

इरप्पाने न बोलता आपला टोचा काढला,
इतका झिजलेला की मूळचा केवढा, सांगता येऊ नये.
रेघ ओढली. रेघेवर टकटक केले, जोर न लावता,
शेजारी दारावर करतो तसे.
लादीच्या पोटातून एक पांढरी शीर गेली
आणि तुकडा सुटला.
मारायचे नाही, म्हणाला. आधी त्याला सांगायचे.

मी त्या टोच्याची धार अंगठ्याने पाहिली.
एका अंगाने उतरती, दुसऱ्या अंगाने सरळ.
तीच डोक्यात घेऊन निघालो.
लाद्यांचे पैसे द्यायचे राहिले.

तर इनास, पहार तशी घडवली आहे.
ट्रकच्या पाट्याचे पोलाद, पाते चार बोटे रुंद.
पाणी हात राखून दिले.
आपल्याकडे भरपूर पाणी प्यालेली धार कडक निघते,
गिऱ्हाईक नखावर ओढून बघते, खूश होते;
तुझ्या उणे तिसात ती कपासारखी फुटेल.
करवत पाठवत नाही. ती तिथलीच घे, मोठ्या विरळ दातांची.
न पाहिलेले घडवणे मला एकदाच जमते.
भाल्याला पाच दात, बाबाने शेवट्यांसाठी केला होता तसेच,
वजन मात्र दुप्पट. फेकायचा नसतो म्हणालास ना,
नुसता सोडायचा.

कुरियरच्या मुलीने विचारले, हे शस्त्र आहे का?
म्हटले, अवजार.
कशाचे?
मागे रांग होती. शेतीचे, म्हणालो. तिने लिहिले.

आणि हे बघ. पहारेच्या दांड्याला वर कडी आहे.
शोभेची नाही. तिच्यात दोरी ओव, मनगटाला बांध.
मानशीवर, पुसातल्या थंडीत, ओहोटीच्या रात्री
बाबाचा भाला तुझ्या हातून सुटला,
तू अकरा वर्षांचा, मी टॉर्च धरलेला.
बाबा पाण्याकडे बघत राहिला, बोलला नाही.
पाणी उतरले की मी अजून कधी कधी तिथे उतरतो,
चिखलात पायाने चाचपतो.