हात पिवळे

भरमा आधी कंदील सोडतो.
कासऱ्याच्या टोकाला, हळू, पाळण्यातलं पोर उठू नये तसा.
ज्योत तगली तर उतरायचं,
विझली तर तिथंच बसून विडी ओढायची.
पेवातली हवा माणसाला न विचारता झोपवते,
हरिपुरातलं शेंबडं पोरही सांगेल.

आमचा धंदा भुतांचा.
लुनावर पुढं भरमा, मागं मी,
पिशवीत लिंबं, बिब्बे, खिळे, बॅटरी, पावतीपुस्तक.
दिग्रजची हडळ मुंगसाची निघाली.
नांद्र्याचा मुंजा खराच होता,
पण आठ वर्षांचं लेकरू, पिंपळाशिवाय त्याला कुणी नाही.
राहू दे म्हटलं, पैसे परत केले.
भरमा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पुरानं पेवं ढासळली, हळद सडली,
जागा गुंठ्यानं विकल्या गेल्या.
या एकाच जागेला गिऱ्हाईक टिकेना.
रात्री म्हणे आतून कुणी खोकतं,
नाकात पूड गेल्यासारखं.

वही मिळाली मिरजेत, तंबोऱ्याच्या कारागिराकडं.
माळ्यावरचा एक भोपळा कशानंच वाजेना,
फोडला, तर आत लाल कापडात गुंडाळलेलं
श्री पीत मंडळ.
सभासद नऊ, सगळे पेढीवाले.
घरात बायकोला सांगणाऱ्यास दंड सव्वा रुपया.
मोडी मी शिकले ती देवऋष्यांच्या चिठ्ठ्या वाचायला,
इथं अक्षर कसं वळणदार, शाई कशी उंची.

शके अठराशे एक्केचाळीस, आषाढ अवस.
भाव पडला. येसू लगमाचे हात पिवळे केले.
भाव चढला.
पुढं म्हाळूचे, मग सत्याप्पाचे.
भरमा म्हणाला, बरी माणसं दिसतात गं,
हमालांची लग्नं लावत होती.
मी पानं उलटत राहिले.
नऊ सह्या, नारळाचा खर्च, कासऱ्याचा खर्च,
आणि एकाही पानावर
नवरीचं नाव नाही.

अवसेला कंदील सोडला.
वीस हातांवर ज्योत वाकली, विझली नाही.
तळाशी ते होतं.
एका गड्ड्याला सात हळकुंडं फुटावीत
आणि प्रत्येकाला चेहरा व्हायची घाई असावी, तसं.
भरमानं खिळा काढला. मी वही काढली.

येसू लगमा.
जी.
म्हाळू.
हाय.
सत्याप्पा. खोकला.
गुंडा, खंडू, दोघं एकदमच बोलले.
बाबू मिरजकर जरा उशिरानं, झोपेतनं उठल्यासारखा.
कासीम, तो नुसता हसला.
बाळू सिदाप्पा.

बाळू सिदाप्पा.

खाली बोटं एकमेकांना चाचपू लागली,
जत्रेत पोर हरवल्यावर आया मोजतात तशी.
पान स्वच्छ होतं. शके अठराशे एकोणसत्तर,
हात पिवळे केले, खाली नऊ सह्या.
त्यानंतर कोरी पानं.

आमचे आजोबा न्हाणीत जातानाही
आधी काडी ओढून पुढं धरायचे.
आम्ही हसायचो.
हळदीच्या आमटीचं ताट सरकवून द्यायचे,
मूळ गाव विचारलं की दर वेळी नवीन सांगायचे,
आणि नाव अण्णू म्हणायचे, नुसतं अण्णू,
बापाचं नाव लावायचे नाहीत.
भरमाला कासरा सोडायला त्यांनीच शिकवलं.

खालून आवाज आला, सगळ्यांचा मिळून एक.
सुटला व्हय त्यो?

भुतानं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही,
धंद्यातला पहिला नियम. भरमानंच केलेला,
कधी न मोडलेला, चिंचणीच्या विहिरीवर
ती आमच्या आईच्या आवाजात बोलली तेव्हाही.

भरमानं खिळा खिशात ठेवला,
पेवाच्या तोंडावर पालथा पडला,
आणि म्हणाला,
व्हय. पोरं झाली त्याला. नातवंडंबी.

बराच वेळ काही नाही.
मग खाली कुणीतरी
कंदिलाची वात, जपून, थोडी मोठी केली.