शोधमर्यादेच्या खाली

दर तीन महिन्यांनी, ओहोटीची वेळ बघून,
मी दिवाळ्याच्या जेट्टीवर उतरायचो:
दोन किलो बोईट, अर्धा किलो कोलंबी,
चिखल एक डबा, पाणी वीस लिटर.
एकतीस वर्षं सरकारच्या वतीने
मी भाव न करता मासळी घेतली.

ठमाबाय तांडेल व्हाउचरवर अंगठा द्यायची,
शाई पाटीच्या काठाला पुसायची.
खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगराखाली,
घुमट. उन्हात सोललेल्या अंड्यासारखा.
"तुजा सरकार म्हावरा खातो," ती विचारायची,
"का नुसता जालतो?"

जाळतोच.
साफ करून, वजन करून, वाळवून,
साडेचारशे अंशांवर रात्रभर.
सकाळी दोन किलो बोईटांची राख
मुठीत मावेल एवढी.
ती शिशाच्या जाड भिंतींआड ठेवायची
आणि यंत्राला ऐकू द्यायचं.
टिक. मग बराच वेळ काही नाही.
टिक.
ते पोटॅशियम, मुजुमदारसाहेब म्हणायचे,
ते सगळ्यांतच असतं, गोडांबे, तुझ्यातही.
बाकीच्या रकान्यांत मी सुवाच्य अक्षरात लिहायचो:
शोधमर्यादेच्या खाली.

नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी
फळ्यावर तीन टप्पे काढून दाखवले होते.
पहिल्यात युरेनियम,
दुसऱ्यात पहिल्याच्या जळणातून निघालेलं प्लुटोनियम,
तिसऱ्यात केरळच्या किनाऱ्यावरची वाळू,
आणि मग कित्येक शतकं
कुणापुढे हात पसरायला नको.
हे दुकानदाराचं काम नाही, म्हणाले,
ज्याला नातवाच्या नातवाची वही लिहायचीय
त्याचं आहे. म्हणजे सरकारचं.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
माझेही तीन टप्पे झाले, दहा, वीस, तीस वर्षांनी,
आश्वासित प्रगती योजनेखाली.
वाळू अजून वाळूच आहे.

एकदा ठमाबायने कागद मागितला.
तिचा हसुराम आयटीआयला होता,
त्याने अडखळत वाचून दाखवला.
"म्हंजे नाय?"
नाही असं नाही. म्हणजे असलं तरी
आमच्या यंत्राला सापडणार नाही इतकं कमी.
ती मागे वळून बघत राहिली,
जिथे बापाची मिठागरं होती आणि आता सेक्टर होते.
"आमचा सारेबारा टक्का पन तसाच रं.
हाय. पन सापरत नाय."
तेवढ्यात जेट्टीवरची वीज गेली.
पलीकडे घुमटाच्या बाजूला सगळे दिवे चालू.
तिने बर्फावर गोणपाट ओढलं
आणि काहीच बोलली नाही,
तेच जास्त लागलं.

त्या महिन्यात मी व्हाउचरवर दर वाढवून लिहिला.
किलोमागे चार रुपये.
लेखापरीक्षणाला ते मात्र सापडलं.
वाढीव दराचे कारण द्यावे.
मी लिहिलं: भरती.

आता निवृत्त. सीवूड्सला दुसऱ्या मजल्यावर.
नमुने न्यायला कंत्राटावरची मुलगी जाते,
टॅब घेऊन, अंगठ्याच्या जागी क्यूआर.
मागच्या रविवारी मी स्वतःची पिशवी घेऊन गेलो.
सून विकत होती, ठमाबाय बाजूला बसलेली,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
आवाजावरून ओळखलं.
"आज जालायला का खायला?"
खायला, म्हटलं.
आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी भाव केला.
तिनेही पहिल्यांदाच मला शिवी दिली,
अगदी घरच्या माणसाला देतात तशी.

रात्री तव्यावर बोईट.
स्ट्रॉन्शियम असलंच तर हाडांत बसतं, मांसात नाही,
हे मला पाढ्यासारखं पाठ आहे.
खिडकीतून लांबवर लाल दिवा लुकलुकत होता.
काटे ताटाच्या कडेला लावत गेलो, एकेक,
ओळीत.
सत्तावीस, म्हणालो.
काय सत्तावीस? बायकोने विचारलं,
आणि भात वाढला.