एक्याऐंशी नंबर

भरमाण्णा कंग्राळकर दुकानात आले
तेव्हा मी मशीनखाली प्रायमरचा डबा धरला होता.
शहापूर, खडेबाजार. दुपारचे साडेतीन, गिऱ्हाईक नाही.
त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढला,
झेरॉक्सचा झेरॉक्स,
आणि काउंटरवर तळहातानं सपाट केला.
"ह्यो रंग पायजे. पन्नास मिली."

झाडीच्या कडेला उभं जर्मन जेट,
पंखांखाली दोन नळकांडी, पुढचं चाक निखळलेलं,
पाठीवर दोन राखाडी.
त्यातली एक जरा जास्त राखाडी.

"ह्यात रंग कुठाय, काका?"
"हाय की. बघूलालीस कुठं तू?"

मग नखानं दाखवत गेले:
हा ब्याऐंशी, उजळ हिरवा,
कडोलीच्या बटाट्याचा पाला, दुसऱ्या पाण्यानंतरचा.
हा एक्याऐंशी. नाव तपकिरी-जांभळा,
पण कुणी म्हणतं शेवाळी, कुणी चॉकलेटी,
कारण लढाई संपत आली होती, कार्ड छापलंच नाही म्हणे,
कारखान्यात नुसता कागद आला:
हे नंबर मारा. नमुना मिळणार नाही.
"माप न घेता शिवलेला सदरा," काका म्हणाले,
"कुणाला ना कुणाला होतोयच."

घरी वीतभर विमान तयार आहे,
शिवणीच्या लाकडाचं, सहा महिने तासलेलं.
रंगासाठी अडलंय.

पहिला घाणा लाल झाला. दुसरा मेला.
तिसऱ्याला त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"निपाणीकडं तंबाखू कापून रानात पसरतात, बघितलीस?
हिरवं गेलंय, तपकिरी यायचंय.
त्या मधल्या दिवसाची."
मशीनमध्ये मधल्या दिवसाचा कोड नाही.
मी काळा दोन थेंब, ऑक्साइड पाच, निळा अर्धा,
अंदाजानं.

चाळीस वर्षं पाट्या लिहिल्या ह्या माणसानं.
दूध डेरी, पिठाची गिरणी, वेशीवर गावाचं नाव.
आधी एका लिपीत, मग दोन्हींत,
मग वरची खाली आणि खालची वर.
एका रात्री जीप आली.
त्यांच्याच पाटीवर त्यांनाच काळं मारायला लावलं,
कुणीतरी टॉर्च धरला, पैसे रोख दिले.

"मारलं?"
"मारलं की. पोरं ल्हान होती."
चमचा पुसत, बऱ्याच वेळानं:
"रॉकेल जास्त घातलं."

दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटले.
त्याआधीही, सकाळच्या तिरक्या उजेडात
काळ्याखालून अक्षरं फुगलेली दिसायची.
कंडक्टर न विचारता बेल मारायचा.

झेरॉक्सवर ते तेच शोधतात:
सांध्यावर पुट्टीचा पांढुरका पट्टा,
कुठं फवारा हलला,
कुठं एक डबा संपला आणि दुसरा फोडला.
"बोगद्यात बांधायचे म्हणे ही. कैदी लावलेले कामाला.
उपाशी माणसाचा हात हाय ह्यो. कड बघ, कड."
मी कड बघितली. मला राखाडीच दिसलं.
"त्यानं काय घातलं असंल," काका म्हणाले,
"जास्तीचं?"

सांबऱ्याच्या बाजूला विमान उतरत होतं, आवाज आला,
दोघांनीही वर बघितलं नाही.

सातवा घाणा त्यांनी अंगठ्याच्या नखावर लावला,
दाराशी जाऊन उन्हात धरला,
मग सावलीत, मग पुन्हा उन्हात.
"न्हवं ह्यो," म्हणाले.
"पर त्यांनीबी असलाच मारला असणार. दे."

डब्यावर मी पेनानं ८१ लिहिलं.
त्यांनी पेन घेऊन आठ नीट केला,
पोटातली रेघ जाड, शेपूट बारीक,
पाटीवरच्यासारखा.
चाळीस रुपये झाले. पस्तीस दिले.

पंधरा दिवसांनी टर्पेंटाइन न्यायला आले.
विमानाचं विचारलं नाही मी.
अंगठ्यावर रंग होता अजून,
नखाबरोबर वाढत
कडेकडं निघालेला.